गडग्यातली वाट

गोपाळकृष्ण सोहोनी यांच्याशी माझं सहा वर्षांत एकाही मुद्द्यावर पटलं नाही, आणि तरी अख्ख्या स्टाफरूममध्ये मला त्यांच्याइतकं दुसरं कुणी आवडलं नाही. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत, मीही तेच. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर आम्हा दोघांत वाटलेला होता. युद्धं का होतात ते सर सांगत, तह का होतात ते मी. सोहोनी सर सोमवारी जग पेटवतात आणि कमलाबाई मंगळवारी विझवतात, असं मुलं म्हणायची.

सर पक्के वास्तववादी. राष्ट्रांच्या वर कुणी फौजदार नाही, म्हणून ज्याने त्याने आपली काठी आपण बाळगावी. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते बघू नका, हातात काय आहे ते बघा. मी म्हणे, अहो, ज्यांचे रोजचे व्यवहार एकमेकांत गुंतलेत ते भांडतील कशाला? नुकसान दोघांचंही. "१९१४ साली व्यवहार कमी होता का हो, बाई?" एवढं विचारून ते जिंकल्यासारखा चहा प्यायचे. मला असा संताप यायचा!

वर्गात अणुबॉम्बवर तासभर बोलणारा हा माणूस घरात पाल दिसली की बायकोला, मालिनीवहिनींना, हाक मारायचा. राहायला पावस गावी. तिथे त्यांची वडिलार्जित हापूसची बाग होती आणि शेजारी काशीरामची. मधे जांभ्या दगडाचा छातीएवढा गडगा, आणि गडग्यात येण्याजाण्यापुरती एक वाट, तिला आडवे बांबू घातलेलं बेडं. दोन्ही घरांच्या पेट्या एकाच ट्रकने जायच्या. वानरं आली की दोन्हीकडची माणसं मिळून हाकारा घालायची आणि त्यांना वर सड्याच्या उघड्या कातळापर्यंत पिटाळून यायची. माझ्या सिद्धांताला याहून चांगला दाखला कुठला मिळणार? मी तो वर्गात सांगतही असे.

त्र्याऐंशी साली काशीरामचे दोन्ही मुलगे मुंबईला गेले. हाकाऱ्याला माणूस उरलं नाही, म्हणून तो एकटाच फटाके लावू लागला. वानरांना काय, ती गडगा ओलांडून सरांच्या बागेत उतरली आणि दोन दिवसांत कैऱ्यांचा चुराडा केला. काशीराम मुद्दाम आपल्याकडे हाकलतो, असं सरांच्या मनाने घेतलं. त्यांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढून एकनळी बंदूक आणली. हवेत बार काढला की वानरं काशीरामकडे. मग काशीरामने बापाची ठासणीची बंदूक माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतली.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" सर स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले. चेहरा उतरलेला, पण आवाजात कुठेतरी समाधान होतं.

"तुम्ही आणलीत म्हणून त्याने काढली."

"त्याने काढलीच असती, कमलाबाई. मी फक्त आधी ओळखलं."

पुढच्या हंगामात ट्रक वेगळे झाले आणि माझा दाखला बाराच्या भावात गेला. मग एका सकाळी सरांच्या बंदुकीचे छर्रे काशीरामच्या कौलांवर पडले. काशीराम गडग्यापाशी येऊन काहीएक न बोलता दहा मिनिटं उभा राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनी मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी गडी लावून बेड्याच्या जागी चिरे रचून वाट बुजवून टाकली.

पंच्याऐंशीच्या शिमग्याला वहिनींनी मला पुरणपोळीला बोलावलं. बोलावणं जेवणाचं होतं, पण मी गेल्या गेल्या त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुम्ही तरी सांगा त्यांना. आज पालखी यायची."

त्या वाडीत ग्रामदेवीची पालखी काशीरामच्या अंगणातून निघून बेड्यातून सरांच्या अंगणात यायची. शीव ओलांडताना बार काढायचा मान काशीरामच्या घराण्याचा. आल्या वाटेने पालखी मागे फिरत नाही आणि वाटेत भुईला टेकत नाही. हे सरांना लहानपणापासून ठाऊक होतं. चिरे रचताना मात्र त्यांना समोर फक्त काशीराम दिसत होता, आणि देवी आठवली ती आदल्या दिवशी.

"आता काढले तर मी घाबरलो असा अर्थ होईल," सर मला म्हणाले. "त्यांना रस्त्याने फिरून येऊ दे."

"सर, हा वर्ग नाही."

"हाच वर्ग आहे," ते म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमारास ढोल काशीरामच्या अंगणात वाजू लागले. वहिनी ओटीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. ढोल गडग्याकडे सरकले आणि एकदम थांबले. मग गलका झाला. कुणीतरी सरांच्या नावाने बोंब ठोकली, आणि ती शिमग्यातल्या चेष्टेची नव्हती.

"चिऱ्यांना कोन हात लावू नका!" हा काशीरामचा आवाज. "ज्यानी लावलेत, त्यानीच काढायचे!"

सर उठले आणि खुंटीवरची बंदूक घेऊन अंगणात उतरले. मी मागे धावले. गडग्यापलीकडे पन्नासेक माणसं उभी होती. पालखी चौघांच्या खांद्यावर, आणि बाजूला काशीराम, हातात ठासणीची बंदूक. बाराचा मान त्याचा, ती त्याच्या हातात असणारच. सरांनी लहानपणापासून दर शिमग्याला त्याच्या बापाच्या हातात तीच बंदूक पाहिली होती. पण त्या दिवशी त्यांना मान दिसला नाही, नळी दिसली.

"बंदूक खाली ठेव, काशीराम."

"तुमी ठेवा आदी, मास्तर."

कुणीच ठेवली नाही. आधी कोण, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्यावर आम्ही दोघांनी मिळून सहा वर्षं मुलांना नोट्स दिल्या होत्या. मला त्यातलं एक वाक्य आठवेना. काशीरामची नळी वर सरकली. सरांचीही. वहिनींच्या हातातल्या ताटात नारळ डुगडुगत होता, तेवढाच काय तो आवाज.

आणि भिकाजीचा गुडघा गेला. भिकाजी हा काशीरामचा थोरला भाऊ, साठीच्या घरातला, पुढच्या दांडीला गडग्याच्या बाजूने होता. ऊन तापलेलं, खांद्यावर भार, पालखी टेकवायची सोय नाही. तो बसकणच मारू लागला तशी पालखी कलली आणि देवीचं छत्र गडग्यावर आपटलं.

सरांनी बंदूक कधी टाकली ते मी पाहिलं नाही. मला दिसले ते गडग्यावर पोटावर पडून दांडी दोन्ही हातांनी धरलेले सर. काशीरामने पलीकडून तीच दांडी खांद्यावर घेतली होती. दोघांची तोंडं हातभर अंतरावर होती आणि दोघांनाही हात सोडता येत नव्हते.

"अगो येसू, चिरे काड!" काशीराम ओरडला.

काशीरामची बायको येसूबाई पलीकडून आणि मालिनीवहिनी अलीकडून चिरे उपसू लागल्या. मीही लागले. माझी दोन नखं तुटली. पाच मिनिटांत वाट मोकळी झाली आणि पालखी सरांच्या अंगणात आली. वहिनींनी रडत रडत ओटी भरली.

बार मात्र राहिला होता. काशीरामने आपली बंदूक उचलली, पण खांद्याला लावली नाही. तो सरांजवळ आला.

"मास्तर, ह्यात नुसती दारू नाय," तो हळूच म्हणाला. "छर्रे हायत. सकाळीच भरले मी."

बाराला छर्रे कुणी घालत नाही. सरांनी वाकून आपली बंदूक उचलली.

"माझीही भरलेली आहे," ते म्हणाले.

दोघं अंगणाच्या टोकाला गेले आणि माणूस नव्हतं त्या उतारावर, खाडीच्या बाजूला, त्यांनी दोन्ही बंदुका रिकाम्या केल्या. लोकांना वाटलं, यंदा मान दोघांचा.

ते चिरे परत कुणी लावले नाहीत. पुढच्या हंगामात दोघांनी मिळून राखणीला एक माणूस ठेवला. बंदुका मात्र दोन्ही घरांत खुंटीवर राहिल्या, परवान्यासकट.

त्या शिमग्यानंतर आठ दिवसांनी सर कॉलेजात आले. त्यांनी चहा मागवला आणि तो तसाच निवू दिला.

"माझी भीती खोटी नव्हती, कमलाबाई. त्याने छर्रे भरले होते."

"आणि त्याची?"

"तीही नव्हती."

मी माझा सिद्धांत काढायला तोंड उघडलं होतं. ट्रक पुन्हा एक होतील वगैरे. पण त्यांनी हात वर केला.

"एवढंच सांगा," ते म्हणाले. "भिकाजीचा गुडघा धड असता, तर?"

मी चहाचे कप उचलून धुवायला नेले.