केनवडचं दार कोणी बनवलं

आमच्या मिस्त्री मंडळींत असे प्रकार इतके झाले, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा आपणहून पुढे येतो. पण एक गोष्ट आधीच लिहून टाकते. मी तेव्हाच बजावलं होतं आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. हसले सगळे. हसणाऱ्यांत माझा नवरा पहिला.

काम केनवडला होतं, एका शेठच्या धान्याच्या गोदामाचं. ठेका मारोतराव ठेकेदाराचा. लोखंड जऊळक्याच्या स्टेशनावर उतरायचं, तिथून बैलगाडीनं यायचं, आणि नवरा सुखदेव मिस्त्री दारं-खिडक्या जागेवरच ठोकून जोडायचा. भाता मी चालवायची.

*

एक्साइजचा साहेब पहिल्यांदा आला तेव्हा मजुरांनी कमरेच्या चंच्या काढून वाळूत पुरल्या. एक्साइज म्हणजे तंबाखू, एवढंच ठाऊक.

साहेब म्हणाला, "तंबाखू राहू द्या. लोखंडी दार कुठे आहे?"

"दार कुठं हाये साहेब? हे तं नुस्ते तुकडे," ठेकेदार म्हणाला.

"मग दार झालं की येतो."

*

जाताना त्यानं कायदा समजावला. बाहेर अख्खं बनलेलं दार म्हणजे माल. तो उचलून विकता येतो, म्हणून त्यावर ड्यूटी, म्हणजे सरकारी कर, आणि तो बनवणाऱ्यानं भरायचा. तेच एकेक तुकडा भिंतीत बसवत उभं केलं तर ते घरच झालं, त्याला ड्यूटी नाही.

साहेब गेल्यावर ठेकेदार म्हणाला, "भिंत पाडली तं दार उचलता येतेच नं?"

"त्याच्यापुढं असं बोलू नका, भाऊ," मी म्हटलं.

"तू भाता हालव," नवरा म्हणाला.

*

दुसऱ्या खेपेला साहेबानं आदल्या दिवशी बसवलेली खिडकी हलवून पाहिली. ती त्याच्या हातात आली.

"हे तर उचलता येतं!"

लक्ष्मण गवंडी म्हणाला, "साहेब, माल ओला हाये. कालच्या सिमिटात तुमाले बसवलं असतं, तं तुमीबी निघाले असते."

साहेबाला हसू आलं नाही. म्हणाला, "पुन्हा असं दिसलं तर तुमची सगळी हत्यारं जप्त करीन." ऐरण आणि भाता गेला तर आम्ही काय खाणार, हे त्यानं विचारलं नाही.

*

आता आमची रीत. दार भिंतीत जायच्या आधी अंगणात अख्खं उभं करायचं, मिस्त्रीच्या बायकोनं हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मग तुकडे सुटे करून बसवायचे.

मी म्हटलं, "या खेपेले भिंतीत बसल्यावर पूजा करू. साहेब पाहून राह्यला आपल्याले."

नवरा म्हणाला, "लगन लागल्यावर हळद लावतेत काय वं?"

हेच ते हसणं. लक्ष्मण गवंडी तर खाली बसून हसला.

दार लिंबाला टेकवून उभं केलं. मी कुंकू लावलं. नारळ फुटला आणि साहेबाची सायकल आली. त्यानं खोबरं खाल्लं, हात पुसला, कागद काढला.

"सुरेख बनलंय. आणि भिंत तर तिकडे आहे."

*

"बनवलं कोणी?" साहेबानं विचारलं.

पूजेला आलेला शेठ म्हणाला, "ठेकेदाराले पुसा."

ठेकेदार म्हणाला, "मी तं लोखंड आणून देलं. मिस्त्रीले पुसा."

नवऱ्यानं ऐरणीकडं पाहिलं, भात्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"साहेब, आमच्यात ज्याच्या हातचं कुंकू लागते, दार त्याचं."

साहेबानं लिहून घेतलं. तरी ऐरण, भाता आणि दोन्ही घण जप्त होऊन लोखंडाच्या बैलगाडीत चढलेच. आमच्या लोकांनी कागदावर अंगठे दिले. शेठ आणि ठेकेदार तोवर निघून गेले होते. उरलेल्यांत अक्षर मला एकटीला येत होतं, म्हणून साहेब म्हणाला, बाई, यांना वाचून दाखवा.

मी मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीत होतं, माल बनवणार: गिरजाबाई सुखदेव लोहार.