दुसरी कोणीतरी पाठवा

मी निघाले त्या दुपारी बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनवर बाबा आले नाहीत. मी घरून निघताना ते बाजेवर पाठ करून बसले होते. आम्ही चांभार. आजोबांनी तुकईथड या आमच्या खेड्यात गावाच्या चपला आणि विहिरीच्या मोटा शिवल्या. त्यांनी शिवलेल्या मोटेचं पाणी गाव प्यायचं, त्यांच्या हातचं मात्र नाही. बाबांनी ते काम सोडलं, बुऱ्हाणपुरात येऊन केळीच्या ट्रकांवर हमाली धरली. आणि आता त्यांची मुलगी इंदूरला नर्सिंग शिकून परदेशात लोकांची घाण काढायला चालली होती. शिवाय परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार होती. “पोरगा असता तर गोष्ट अलग होती,” हे ते मायला म्हणाले होते.

गाडी आली तेव्हा माय खिडकीशी आली. ती रडली नाही. म्हणाली, “कोणी आडनाव विचारलं तं गाव सांगजो. बुऱ्हाणपूर लई मोठं आहे, त्याच्यात सारे मावतात.”

तुम्ही जे तिथं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना हे सांगते आहे. पहिली काही वर्षं मला इंग्लंडमध्ये सगळे एकच सांगायचे, मिसळून जा. वॉर्डातले सांगायचे, घरमालकीण सांगायची, आधी येऊन स्थिरावलेले आपले लोक तर फारच. मी मिसळायला तयार होते. चहात आधी दूध घालायला शिकले, हवामानावर बोलायला शिकले, शिफ्ट संपल्यावर सगळ्यांना ‘बाय’ म्हणायला शिकले. स्वप्नं मात्र आपल्या अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीतच पडायची.

मग वॉर्डात एक गोरा म्हातारा आला. पायाची जखम होती. मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेले, तर त्यानं पाय चादरीखाली ओढून घेतला. आवाज न चढवता म्हणाला, “माझा राग नाही. पण दुसरी कोणीतरी पाठवा.”

मॅनेजर भली बाई होती. म्हणाली, मनावर घेऊ नकोस, दुसऱ्या नर्सशी बेड बदलून घे, सगळ्यांनाच सोपं पडेल. मी बेड बदलून घेतला. त्याच म्हाताऱ्याकडे पुढे इंदूरचा राजेश गेला. तोही नर्सच, रंगानं माझ्यासारखाच. त्याला म्हातारा ‘डॉक्टर’ म्हणाला आणि पाय पुढे केला. राजेश हसत हसत मला हे सांगत होता. मला हसू आलं नाही.

मार्शा माझ्याबरोबर काम करायची. तिचे आईवडील जमैकाहून आलेले. ती चिडली, पण म्हाताऱ्यावर नाही, माझ्यावर.

“तू का हललीस?” ती म्हणाली. “आज तू हललीस, उद्या मला हलवतील.”

“तुला तर तो काही बोलला नाही.”

“मला बोलत नाहीत. मी खोलीत शिरले की उशीखालचं पाकीट चाचपतात. तुला ते घाणेरडी समजतात, मला चोर. आणि आवाज चढवला की मी दांडगट. तू चढवलास तर म्हणतील, अरे, ही तर गरीब होती.”

एकाच वॉर्डात, एकाच पगारावर आम्ही दोघी, आणि दोघींसाठी दोन वेगळे अपमान. हे मला तोवर कोणी असं उघड करून सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास तिथल्याच गावातल्या मराठी मंडळींकडे माझं जाणं सुरू झालं. अलकावहिनींचं घर मोठं, मनही मोठं वाटायचं. म्हाताऱ्याची गोष्ट मी तिथं सांगितली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे लाल झाले. “हे लोक आपल्याला माणूस समजत नाहीत,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्या ‘आपल्याला’ शब्दानं मला इतकं बरं वाटलं, की जेवताना त्यांनी मूळ गाव आणि आडनाव विचारलं तेव्हा मी गावावर थांबले नाही. आडनाव सांगितलं. त्यांना उलगडा होईना, तर जातही सांगितली.

“आमच्यात नाही हो असलं काही मानत,” वहिनी लगेच म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या गणपतीला मी दराबा, आपली बुऱ्हाणपुरी रव्या-तुपाची मिठाई, करून नेला. तुम्हाला ठाऊक आहे त्याला किती फेसावं लागतं, मनगटं भरून येतात. वहिनींनी डबा घेतला आणि फ्रिजवर ठेवून दिला. “नैवेद्याचं सगळं झालंय गं. हे नंतर बघू.” माझ्यामागून आलेल्या एका बाईंचे मोदक सरळ ताटात गेले. आरती झाली, पंगत उठली, तरी डबा होता तिथंच होता.

निघताना मी तो उतरवला. म्हटलं, “वहिनी, तो म्हाताराही असंच म्हणाला होता. राग नाही म्हणाला.”

त्या खरोखर दुखावल्या. “कशाची तुलना कशाशी करतेस? तिथं वंशवाद आहे, सुनंदा. मी फक्त देवाचं बघत होते.”

मी बसनं थेट मार्शाकडे गेले. तिनं दराबा खाल्ला, फार गोड आहे म्हणाली, आणि पुन्हा वाढून घेतला. त्या घरी मी परत गेले नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही.

वर्षभरानं वॉर्डात दुसऱ्या एका पेशंटनं तेच म्हटलं. मी ट्रॉली धरून उभी राहिले. मॅनेजरला म्हटलं, “मी बेड बदलणार नाही. तुम्ही या आणि त्याला सांगा.” ती आली, तिनं त्याला सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि मी ड्रेसिंग केलं. तो सुधारला वगैरे काही झालं नाही. जाताना आभारही मानले नाहीत. वॉर्डात मात्र मी कडक, फटकळ म्हणून प्रसिद्ध झाले.

मला वाटलं, आता मला उभं राहता येतं. मग गेल्या हिवाळ्यात भावाच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला घरी गेले. बुधवारा बाजारातल्या साडीच्या दुकानात मला ‘मॅडम, बैठिए’ म्हणत गादी झटकून दिली. मी सुखावलेही. पण दुसऱ्या दिवशी हळदीला वाटीकडे हात नेला, तर माझ्या सख्ख्या आत्यानं मनगट धरलं. “तू नको, बाई. सवाशीण लागते. तुझं लग्न नाही, लेकरू नाही.” आवाजात माया होती. मी, जिनं गोऱ्या माणसाच्या बेडशी पाय रोवले होते, ती आपल्याच माणसांसमोर मागे सरले.

माय भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्यांमुळे तिला उठवत नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “वाटी इकडे आणा.” वाटी आणली. तिनं ती माझ्या हातात दिली. “माझी मुलगी आधी लावीन. मंग बाकीच्या.”

आत्या उठून बाहेर गेली, तिच्यामागे आणखी दोघी. ढोलकी थांबली. मी भाचीच्या गालांना हळद लावली. तिनं डोळे मिटून घेतले होते. बाबा दारात उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली आणि ढोलकी सुरू झाली. आत्या जेवायला थांबली नाही. अजून आमच्याकडे येत नाही. मायला त्याचं वाईट वाटतं, पण झालं ते चुकलं असं ती म्हणत नाही.

घराची ओढ म्हणजे विसावा, असं मी पूर्वी समजायचे. आता घरी गेलं की झोप लागत नाही, आणि इकडे परतलं की तिकडचं काही अर्धं राहिल्यासारखं वाटतं. जिथलं भांडण मला टाकून देता येत नाही, ते घर. असं पाहिलं तर माझी दोन घरं आहेत, आणि एकातही मी पाय पसरून बसू शकत नाही. धाकट्या भाचीला नर्सिंगला जायचंय. भाऊ नको म्हणतो, परक्या पुरुषांचं काम म्हणतो. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. येत्या उन्हाळ्याचं घरी जायचं तिकीट मी काढलं आहे.