हितेंद्रच्या गाडीची पिवळी बत्ती

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेणार. तोंडावर आजही 'अहो'च म्हणते, पण हे सांगताना लवूच म्हणणार. एकेचाळीस वर्षं ज्या गॅरेजात त्यानं हाडं झिजवली, तिथं शेवटी शेवटी त्याला लवू म्हणणारंसुद्धा कुणी उरलं नव्हतं. अंकल म्हणायचे. अंकल! जसा काही लग्नाला आलेला पाहुणा.

मी ललिता. लालबागला चाळीत राहते. दर शनिवारी सकाळी टोपली घेऊन निघते आणि लालबागपासून भायखळ्यापर्यंत साठेक दुकानांना लिंबू-मिरची बांधते. तारेत एक लिंबू, सात मिरच्या आणि तळाला बिब्बा. बिब्बा म्हणजे काय ते आजकालच्या पोरींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. काळं कठीण बी असतं, आत तेल असतं. तारेनं टोचलं, ऊन लागलं की ते तेल गळतं. अंगाला लागलं तर दुसऱ्या दिवशी कातडीवर फोड उठतात, आग आग होते. बिब्बा उतला म्हणतात त्याला. मी बोटांना खोबरेल चोपडून काम करते, म्हणून माझे हात शाबूत आहेत.

लवू कणकवलीकडचा. सासरे गिरणीत होते, संपात घरी बसले ते बसलेच. तेव्हा हा एकोणीस वर्षांचा. भायखळ्याला अण्णांच्या गॅरेजात लागला आणि तिथलाच झाला. शाळा आठवीपर्यंत, पण इंजिनाची भाषा अशी कळायची की बस्स. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, डोळे मिटून घ्यायचा. आम्ही बायका तांदूळ निवडताना खडा कसा बोटालाच कळतो, तसं त्याचं. शिवाजी पार्कचे एक रिटायर्ड प्रोफेसर आपल्या जुन्या गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. एकदा त्यांनी फोन तसाच बॉनेटपाशी धरला, आणि लवूनं इकडून भात कालवता कालवता सांगितलं, "सर, पंख्याचा पट्टा ढिला झालाय." तेवढंच निघालं. अण्णा सगळ्यांना सांगत सुटायचे, माझं मशीन दोन पायांवर चालतं म्हणून.

अण्णा गेले आणि त्यांचा धनेश गादीवर बसला. पोरगा वाईट नाही हो, हे म्हणताना माझी जीभ जड होते, पण वाईट नाही. फक्त त्याला सगळं चकचकीत पाहिजे. काचेचं केबिन झालं, एसी आला, भिंतीला करडा रंग लागला, आणि गाडीला जोडून बिघाड सांगणारं मशीन आलं. मशीन म्हणेल तो पार्ट बदलायचा, संपलं. त्या करड्या भिंतीपुढं लवूचा तेलकट शर्ट धनेशच्या डोळ्यांत खुपायला लागला. मला दिसत होतं. लवूला दिसत नव्हतं, किंवा दिसत असून तो बोलत नव्हता. बोलायचा गुण त्याच्यात आधीपासूनच कमी.

गेल्या वर्षी जूनमध्ये हितेंद्र ती गाडी घेऊन आला. हा हितेंद्र आमच्याच चाळीत वाढलेला, आता गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरमध्ये तिसाव्या मजल्यावर राहतो. लाल भडक, दोनच सीटांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. दहा वर्षांची जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. बाकी सगळं झकास, पण समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या चित्राची पिवळी बत्ती पेटलेली. तीन ठिकाणी दाखवून झालं. बत्ती विझवायचे, दोन दिवसांनी परत हजर. विकतचं दुखणं, दुसरं काय!

धनेशनं संधी साधली. सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकल, ही गाडी तुमच्या हातात. गणपतीपर्यंत बत्ती कायमची गेली, तर तुम्ही हातपाय चालतील तोवर इथंच राहा, मी शब्द देतो. नाही गेली, तर घरी आराम करा. खूप केलंत."

लवूनं मान हलवली. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी गॅस बंद करून त्याच्यापुढं उभी राहिले. अहो, साठीचा माणूस, गॅरेजाशिवाय त्याला दुसरं जगच नाही. रविवारी सुट्टी असते तर तो माझा मिक्सर उघडून बसतो. त्याला घरी बसवायचं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालायचा.

"तू गप रव गो," तो म्हणाला. "गाडी काय खोटा बोलणा नाय."

आणि खरंच, अर्ध्या तासात त्यानं पकडलं. मशीन इंजिनाकडं बोट दाखवत होतं, आणि लवू गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन नाकानं हुंगत उभा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आतल्या रबराच्या कडीवरून अंगठा फिरवला. रबराला केसाएवढी चीर. तिच्यातून वाफ निसटत होती आणि तेवढ्यानं ती नखरेल गाडी बत्ती पेटवत होती. नवीन झाकण बसवलं, बत्ती विझवली. आठवडाभर पेटली नाही.

पुढच्या शनिवारी हितेंद्र गाडी घेऊन पेढ्यांचा बॉक्स द्यायला आला. मी टोपली घेऊन तिथंच होते. "काकी, काका म्हणजे जादूगार आहेत!" पोरगा ओरडून सांगत होता. शेजारचे दोन दुकानदार ऐकत होते. धनेशचं तोंड पेढा खाऊनही कडू. चार लोकांच्या तोंडी नवऱ्याचं कौतुक आलं की मला धडकीच भरते. नजर लागायला काय वेळ लागतो?

मी म्हटलं, "हितेंद्र, गाडीला लिंबू-मिरची बांधते रे."

"नको नको काकी! या गाडीला? टॅक्सी वाटेल."

हसले सगळे. लवूसुद्धा हसला. मीच हसले नाही. बॉनेट उघडंच होतं, हे लोक पेढे खायला केबिनमध्ये गेले. मी पटकन टोपलीतली लिंबू-मिरचीची एक लड घेतली आणि डाव्या कोपऱ्यात, काच धुवायच्या पाण्याची बाटली असते तिच्या मागं, खोल हात घालून एका जाड काळ्या वायरीला घट्ट बांधली. वरून दिसणारही नाही अशी. मनात देवाला म्हटलं, रवळनाथा, माझ्या माणसाची जागा सांभाळ. हात धुतले आणि पुढच्या दुकानाला गेले. हलकं वाटलं मला. काय सांगू, किती हलकं वाटलं!

बुधवारी बत्ती परत पेटली.

आता मशीन दुसरंच सांगायला लागलं. अमुक सेन्सर खराब. धनेशनं नवा सेन्सर घातला. लवू म्हणत होता, "पार्ट चांगला आहे, वायरीत कुठंतरी खोट आहे." धनेश म्हणाला, "अंकल, मशीन खोटं बोलतंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?" बत्ती विझली, गाडी गेली, आठवड्यानं परत आली. मग बाहेरून ओरिजिनल पार्ट मागवला. त्यात दोन-अडीच आठवडे गेले. तो घातला, तरी तेच. हितेंद्रचं 'जादूगार' बंद झालं. तो आता लवूशी बोलायचाच नाही, थेट केबिनमध्ये जायचा.

आणि मी काय करत होते? दर वेळी शनिवारी गाडी गॅरेजात उभी दिसली की माझा जीव वरखाली व्हायचा. नजर जबरदस्त आहे, एक लड पुरत नाही, असं मनाशी म्हणायचे आणि दुसरी बांधायचे. जुनी ओढून काढता येईना, तार कुठंतरी अडकलेली, म्हणून तिच्यावरच नवी. अशा तीन झाल्या. शेवटच्या लडीला तर मुद्दाम टपोरा, रसरशीत बिब्बा घेतला. आपल्या हातानं, निवडून!

गणपती आठवड्यावर आले. त्या शनिवारी लवूनं दुपारभर मशीनला हातसुद्धा लावला नाही. एकेक वायर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांनी चाचपत बसला. नजर अधू झालीय त्याची, पण बोटं नाहीत. काळोख झाला तसं धनेशनं शटर ओढायला लावलं, आणि लवू रिकाम्या हातानं घरी आला.

रविवारी सकाळी त्याच्या उजव्या मनगटावर फोड. लालबुंद, पाण्यानं भरलेले, कोपरापर्यंत.

मी खोबरेलची वाटी घेऊन बसले आणि त्यालाच झापलं. "अहो, टोपलीत हात घातलात ना? किती वर्षं सांगतेय, बिब्ब्याला शिवू नका म्हणून! बिब्बा उतलाय हा."

तो मनगटाकडं बघत राहिला. मग माझ्या बोटांकडं बघितलं, मग परत मनगटाकडं. माझी टोपली शुक्रवारी रात्री माळ्यावर होती, शनिवारी ती मीच उतरवली आणि रिकामी करून मीच परत वर ठेवली होती. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा नाही आठवलं. त्यानं फक्त विचारलं, "बिब्ब्याचा तेल प्लॅस्टिकाक खाता काय गो?"

"खातं तर! आणि लिंबाचा रस लोखंड खातो. का?"

"काय नाय," तो म्हणाला. "लाव तेल."

सोमवारी तो लवकर गेला. पुढचं मला त्या दिवशी कळलं नाही, कारण तो फक्त एवढंच बोलला, "बत्ती गेली. आता येवची नाय." मी आनंदानं देवापुढं साखर ठेवली. रात्री जेवताना म्हणाला, "उद्यापासून जावचा नाय माका." मी रडले, भांडले, धनेशच्या सात पिढ्या काढल्या. लवू भात कालवत राहिला.

शनिवारी टोपली घेऊन मी गॅरेजात गेले ती भांडायलाच. धनेश केबिनबाहेर आला. "काकी, माझ्यावर का चिडता? अंकलनी स्वतः कबूल केलं, हितेंद्रसमोर. मी विचारलं, शेवटी होतं काय? म्हणाले, माझीच चूक. झाकण बदललं तेव्हा वायरी जोडणारा एक कपलर नीट बसवला नव्हता, त्यात पाणी गेलं. आता सांगा, दोन महिने फुकट पार्ट बदलत बसलो आम्ही. आपणच लावलेली बत्ती आपणच विझवली, तर तो शब्द कसा धरायचा?"

मला पटेना. पेट्रोलचं झाकण गाडीच्या मागं, आणि वायरी पुढं. लवू असली चूक करेल? या माणसानं आयुष्यात चहाच्या कपाची बशीसुद्धा वाकडी ठेवली नाही!

त्याचा टूलबॉक्स धनेशनं घरी पाठवला होता. लवू बाजारात गेलेला असताना मी तो उघडला, पुसून ठेवावा म्हणून. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं. तीन लडी. सुकून काळी पडलेली लिंबं, कोळसा झालेल्या मिरच्या, फुटलेले बिब्बे. त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकचा एक तुकडा, दोन वायरी एकमेकींत बसतात तो कपलर, आतल्या पितळेच्या पिना हिरव्या पडून खाल्लेल्या. आणि तारेची गाठ माझी. पूर्ण लालबागात अशी दुहेरी पिळाची गाठ दुसरं कुणी मारत नाही.

मी जमिनीवर बसले ती बसलेच. तो आला, पिशवी ठेवली, फडकं बघितलं.

"दाखवायचं होतंत ना धनेशला!" मी किंचाळले. "तुमची काही चूक नव्हती! हे समोर टाकलं असतंत तर शब्दाप्रमाणे तुम्हाला ठेवावंच लागलं असतं!"

"आणि सगळ्या गल्लीत काय बोलले असते? लवूच्या बायकोन गाड्यो बिघडवल्यान. तुका कोणी दारात उभा केला असता?"

"माझं गेलं चुलीत! तुमचं गॅरेज गेलं!"

"तेका माका काढूचाच होता. निमित्त व्हया होता."

असेल. पण तो शब्द धनेशनं चारचौघांत दिला होता, आणि बत्ती खरोखर विझली होती. लवू जिंकला होता, हे जगात तीनच गोष्टींना माहीत होतं: ती गाडी, लवू आणि त्या लडी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर घरात बसून संन्याशाच्या मनगटाला तेल लावत होता, आणि वर त्यालाच झापत होता.

मी म्हटलं, मी जाते, धनेशला सांगते. लवू पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. "जाशीत तर माझा मरण बघशीत!" असली शपथ घातल्यावर बाईमाणूस काय करणार? गप्प बसले. वर्ष झालं, गप्प आहे. आज इथं सांगतेय, तेवढंच.

हितेंद्रची लाल गाडी अजून लालबागच्या पुलाखालून जाते. बत्ती पेटत नाही.

लवू घरीच असतो. मिक्सर तीनदा उघडून झाला. आता शुक्रवारी दुपारी तो माझ्याबरोबर लडी करायला बसतो. मी लिंबं ओवते, तो बिब्बे टोचतो. मी नको नको म्हटलं, ऐकलं नाही. बिब्बा टोचून झाला की टूलबॉक्समधली वायरीची काळी टेप काढतो आणि प्रत्येक बिब्ब्याला दोन वेढे देतो, घट्ट, वळी न पडू देता. मग अंगठा फिरवून बघतो, तेल कुठून येतंय का.

शनिवारी त्यातली एक लड धनेशच्या शटरला जाते. ती मीच बांधते.