चौथ्या बोअरचं नितळ पाणी

चांदूर रेल्वेजवळ कीटकनाशकांचं एक गोदाम होतं. ते बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिथलं औषध जमिनीत मुरलं असावं अशी शंका होती. म्हणून गोदामाभोवती तपासणीसाठी चार बोअर घेतले. मी अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. बोअर धुणं आणि पाण्याचे नमुने घेणं हे माझं काम.

चौथा बोअर एका म्हातारीच्या वावरात आला. नवरा वारलेला, मुलगी बडनेऱ्याला दिलेली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, ती एकटीच लावायची आणि बाजारात नेऊन विकायची.

नवा बोअर धुवावा लागतो. पाइपात दट्ट्या सोडून वर-खाली करत राहायचं, म्हणजे भोवतीचा गाळ सुटतो. मग तो पंपानं उपसायचा, पुन्हा दट्ट्या. सकाळपासून नुसतं काळं पाणी येत होतं. म्हातारी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून पाहत होती. दुपारी पाणी निवळलं. इतकं नितळ, की बादलीचा तळ दिसावा.

ती लोटा भरून घेऊन आली. "आता कसं काचेवानी झालं! घ्या भाऊ, सकायपासून उन्हात राबून राहिले."

तिची पिण्याची विहीर तिथून वीस पावलांवर होती. अहवाल येईपर्यंत लोकांशी काही बोलायचं नाही, असं आम्हाला बजावलेलं असे. मी लोटा घेतला. ती वळून विळा शोधायला लागली, तेवढ्यात मी पाणी वांग्याच्या बुडाशी ओतलं. मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

मी रिकामा लोटा परत दिला, सामान गाडीत भरलं आणि निघालो.

पंधरा दिवसांनी नमुना घ्यायला गेलो. बराच वेळ पंप चालवून जुनं पाणी काढून टाकलं, काचेच्या बाटल्या काठोकाठ भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या. तेवढ्यात म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन आली, गावातल्या नळावरून. विहिरीवर फळी टाकलेली होती.

"मावशी, विहिरीचं पाणी काहून सोडलं?" मी विचारलं.

"तुमी लोटा ओतून देल्ला, तवाच समजलं मले."

मला तिच्याकडे बघवेना. अहवाल आला तेव्हा मी कुणाला न विचारता, सुटीच्या दिवशी तिला सांगायला गेलो. पाण्यात औषध निघालं होतं. विहिरीचं पाणी पिऊ नका, भाजीलाही देऊ नका, म्हणालो. मग तिनं विचारलं.

"हे किती वर्सापासून हाय?"

"ते नाही सांगता येत."

"आमच्या माणसाचं पोट दुखे. दोन वर्स दुखलं. डाक्टरले बी समजलं नाही. तो याच पाण्यानं गेला काय?"

ते आमच्या प्रयोगशाळेतलं मशीन सांगत नाही. आजचं पाणी सांगतं, कालचं नाही. मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले नसन मालूम, त कोनाले इचारू?" मी तिथंच बसून राहिलो. तिनं चहा ठेवला, नळाच्या पाण्याचा. तेही तिनं मुद्दाम सांगितलं.

त्या पावसाळ्यानंतर मुलीनं तिला बडनेऱ्याला नेलं. वावर पडीक पडलं. आमचे नमुने मात्र दर तीन महिन्यांनी सुरूच आहेत. चौथ्या बोअरवर पंप सुरू झाला की मला धुऱ्यावर कुणीतरी बसलंय असं वाटतं. मी वळून बघतो. गवत असतं. पाणी दर खेपेला तेवढंच नितळ येतं, आणि मी बाटलीवर तारीख लिहितो.

मागच्या खेपेला शेजारच्या शेतकऱ्याला तिची तब्येत विचारली.

"बरी हाय," तो म्हणाला. "पन फोन केला का एकच इचारते. ते पानीवाले आले होते काय? काई सांगतलं काय?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"आले होते म्हनतो. बाटल्या भरून घेऊन गेले म्हनतो."