आधी तिनं ऐकलेलं असायचं

प्रज्ञा गेल्याची बातमी मला माझ्या मुलीनं दिली. शाळेत सातवीच्या वर्गाला समूहगीत शिकवत होते, आणि रेवा पुण्याहून कधी त्या वेळेला फोन करत नाही, म्हणून पेटीचा भाता लावून बाहेर व्हरांड्यात आले. "आई, मावशी गेली गं... दवाखान्यातच. हार्ट अटॅक," एवढंच ती बोलू शकली. आणि मी, जिची ती तीस वर्षांची मैत्रीण, मी पहिला प्रश्न काय विचारला तर, "तुला कोणी सांगितलं?" राहुलमामानं, ती म्हणाली. राहुल हा प्रज्ञाचा धाकटा भाऊ. नागपुरात, दहा मिनिटांच्या अंतरावर मी. आणि त्यानं पहिला फोन पुण्याला केला होता. पुढे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं, "ताईचं रोज बोलणं तर रेवाशीच होतं न." बरोबरच होतं ते. पण त्या व्हरांड्यात उभी असताना रडू यायच्या आधी मला जे आलं, ते रडू नव्हतं.

प्रज्ञाबद्दल लिहायचं तर मला मत्सराबद्दल लिहावं लागेल, त्याला इलाज नाही. आमची ओळखच त्यातून झाली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गायले होते. मी नागपूरच्या महाल भागातली, सहाव्या वर्षापासून गाणं शिकणारी. पहिलं बक्षीस मलाच मिळणार हे मला ठाऊक होतं आणि मिळालंही. सगळ्या मैत्रिणी कौतुक करत असताना दोन वेण्या घातलेली एक उंच मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "आवाज मस्त आहे वं तुझा. पण तू गाऊन कोणाचं राहिली होती? तुझं नव्हतं वाटत ते." मला इतका राग आला, की मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग तीच एक कॅसेट घेऊन आली. "ऐक, मग सांग."

ती कॅसेट कुठल्याच दुकानात मिळणारी नव्हती. तिचे वडील चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमांमधून गाणाऱ्या एका पार्टीत ढोलकी वाजवायचे. जरीपटक्याच्या त्यांच्या घरी अशा पार्ट्यांच्या कॅसेटी यायच्या. कोणाच्या तरी खोलीत, पंखा बंद करून, एका टेपवर भरलेल्या. त्यात एक बाई गात होती. आवाजाला काही रियाज नव्हता, मागे कुठे तरी भांडं पडल्याचा आवाजही आला होता, पण ती बाई गाणं असं टाकायची, जसं समोरच्याला जाब विचारते आहे. मी ती कॅसेट रात्रंदिवस ऐकली. परत देताना मात्र म्हटलं, "ठीक आहे." प्रज्ञा हसली. तिला कळलं होतं. तिला नेहमीच कळायचं, हाच तर त्रास होता.

पुढे मी संगीत शिक्षिका झाले आणि ती कानांच्या तपासणीचं शिकून सक्करदऱ्याला कानाच्या एका डॉक्टरांकडे लागली. लोकांना काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन द्यायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासून ती घरी जायची आणि स्वतःचे कान मोकळे सोडायची. इंटरनेट आलं तसं तिला रान मोकळं झालं. मेघालयातली कोणी मुलगी आपल्या बोलीत गिटारवर गाते आहे. गडचिरोलीकडची दोन पोरं मोबाइलवर रॅप भरून टाकताहेत. केरळातला एक माणूस चेंडा या ढोलावर नुसते इलेक्ट्रॉनिक आवाज चढवतो आहे. आपल्याच वर्धमाननगरातल्या गोडाऊनमध्ये चार इंजिनिअर कान फाटेल असं मेटल रॉक वाजवताहेत... ज्यांच्यामागे कोणती कंपनी नाही, ज्यांचं गाणं पन्नास जणांनीही ऐकलेलं नाही, असे लोक तिला बरोबर सापडायचे. आणि ती ते वाटायची. सगळ्यांना सगळं नाही, ज्याचं त्याला. तिच्याकडे तपासणीला आलेल्या एका निवृत्त तहसीलदारांना ती ते मेटल ऐकवायची, आणि त्यांना ते आवडायचं! रविवारी संध्याकाळी तिच्या गच्चीवर चटया पडायच्या, दोन स्पीकर लागायचे आणि दहा-पंधरा माणसं जमायची. मी बी.ए.ला संगीत घेतलेली, विशारद झालेली, पण नागपुरात कोणाला नवं काही ऐकावंसं वाटलं तर तो माझ्याकडे येत नसे. तिच्याकडे जायचा.

एका उन्हाळ्यात मी ठरवलं, की एकदा तरी आपण तिच्या आधी पोचायचं. सुट्टीभर कूलरसमोर बसून शोधत राहिले. कच्छकडची एक गायिका मला सापडली. वाळवंटातल्या कुठल्या तरी शाळेत शिकवते, आणि फक्त एका तंतुवाद्यावर, जवळजवळ कुजबुजत गाते. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. रविवारी मी ते घेऊन गच्चीवर गेले. प्रज्ञानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "कुठून शोधलं वं हे? अजून एकदा लाव." मी किती फुलले होते त्या दिवशी! जिना उतरताना तहसीलदारकाका माझ्यामागे होते. "चांगली गाते न ही? मागच्या दिवाळीत प्रज्ञानं ऐकवलं होतं तेव्हापासून मी रोज ऐकतो," ते सहज बोलून गेले. मी मागे वळून वर पाहिलं. ती स्पीकरची वायर गुंडाळत होती. तिनं माझ्यासाठी पहिल्यांदा ऐकल्याचं सोंग केलं होतं, आणि बाकीच्यांनीही तिच्याकडे बघून तोंडं मिटून घेतली होती. तिच्या कानाचा हेवा मला होताच, त्या दिवसापासून तिच्या मनाचाही वाटायला लागला. दुसरा जास्त जाळतो.

आणि मग रेवा. रेवाला मी स्वतः तयार केलं. तिचा सा मी लावून घेतला आहे, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन. पण चौदाव्या वर्षी तिनं गाणं बंद केलं. एक दिवस म्हणाली, "मला नाही बसायचं पेटीसमोर," आणि खरंच बसली नाही. मी समजावलं, रागावले, अबोला धरला. प्रज्ञानं यातलं काहीच केलं नाही. एका दुपारी ती रेवाला दवाखान्यात घेऊन गेली, त्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन दिला आणि काहीबाही लावत राहिली. त्यानंतर रेवा शाळा सुटली की सक्करदऱ्यालाच जायची. वर्षभरानं तिच्या खोलीतून आवाज यायला लागला, लॅपटॉपवर भरलेला तंबोरा, त्यात आमच्या बोळातल्या भाजीवाल्याचा आवाज, आणि त्यावर तिचं गाणं. मी लावून दिलेल्या सुरात, पण माझं नसलेलं. पहिलं गाणं पूर्ण झालं ते तिनं मावशीला पाठवलं. मला ते प्रज्ञानं ऐकवलं.

त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. गच्चीवर, ऐन चटया घालताना. "ती माझी मुलगी आहे," मी म्हटलं.

"मग कोणाची आहे? मी काहून नेईन तिले?"

"तिला काही सुचलं की तुझ्याकडे येते. मी घरात असते, प्रज्ञा."

तिनं हातातली चटई खाली ठेवली. चिडली नव्हती. "मेधा, मले गाता येत नाही. एक सूर लावता येत नाही. तुझ्याजवळ गळा आहे, तुझ्या पोरीजवळ आहे. माझ्याजवळ ऐकणं सोडून काय आहे, सांग न?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुम्ही दोघी एका तानपुऱ्यावर बसायच्या तेव्हा मी दाराशी उभी राहून पाहत होती. मले कसं वाटत असन, हे तू कधी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. तिलाही माझा हेवा वाटू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून उरलेल्या चटया घातल्या. पुढे त्यावर बोललो नाही... आता वाटतं, बोलायला हवं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घरासमोरचा मांडव पुरला नाही. बुद्धवंदना झाली, मग लोक बोलायला उठले. कानात बाळी घातलेला एक रॅपर, तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, वर्ध्याहून आलेला एक कंडक्टर, तहसीलदारकाका. जो तो हेच सांगत होता, "मले सकाळी एक गाणं पाठवायची ती. कोणाले माहीत नव्हतं हे." प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच. मी पुढच्या ओळीत बसून विचार करत होते, की इतकी वर्षं शाळेत गाणं शिकवते आहे, शेकडो मुलं हाताखालून गेली. माझ्यासाठी असं कोण रडेल? मैत्रिणीच्या फोटोसमोर मेणबत्ती जळत असताना हे मनात यावं याची लाज वाटली, पण आलं हे खरं.

मागच्या रविवारी मी जरीपटक्याला गेले. राहुल एकटाच होता. प्रज्ञाच्या खोलीत बसवून तो चहा करायला आत गेला. टेबलावर तिचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, आणि तो मधूनमधून वाजत होता. चहा घेऊन येताना राहुलनं माझी नजर पाहिली. "बंद नाही करवत, मेधाताई. अजून गाणे येऊन राहिले. काही जणांले तर माहीतच नाही. मी एकेकाले कळवतो, पण हिंमत होत नाही. पोरं इतक्या हौसेनं पाठवतात." त्यानं मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. सगळ्यात वर रेवाचं नाव होतं. आदल्या संध्याकाळचं. "मावशी, झालं बघ एकदाचं," आणि खाली गाणं. त्याच संध्याकाळी ती माझ्याशीही बोलली होती. वॉशिंग मशीन बिघडलं, डब्याची बाई चांगली मिळाली... सगळं सांगितलं. गाण्याचं अवाक्षर काढलं नव्हतं.

माणूस गेल्यावरही पहिला नंबर त्याचाच!

"ऐकता का?" राहुलनं विचारलं. मी प्रज्ञाच्या खुर्चीत बसले आणि लावलं. तबला नव्हता, पेटी नव्हती. कुकरची शिट्टी लांबवून लांबवून रेवानं त्यातून षड्ज केला होता, आणि त्यावर खालच्या पट्टीत आपल्या नागपुरी बोलीतले शब्द. शेवटाकडे तारसप्तकात जायच्या आधी ती श्वास घेते, चांगला मोठ्यानं, विहिरीत उतरण्याआधी घ्यावा तसा. गाणं संपलं आणि हातातच फोन वाजला. तिकडे तिच्या मोबाइलवर निळ्या खुणा उमटल्या असणार, रेवानं पाहिल्या असणार.

"मामा, तुम्ही ऐकलं?"

"मामा नाही. मी आहे."

"आई? ...तू ऐकलंस?"

"हो."

"मग?"

तो "मग" इतका घाबरलेला होता. तिचा गळा मी घडवला, तिच्या गळ्यातला एवढासा कंपही मला ओळखू येतो. मी म्हटलं, "वर जायच्या आधी श्वास घेतेस ना मोठ्यानं, तो काढू नकोस. राहू दे तसाच."

ती हसली की रडली कोण जाणे. "मावशीनंही हेच सांगितलं होतं. कच्चं पाठवलं होतं तेव्हा."

तिथंही प्रज्ञा आधी पोचलेली. खरं सांगते, पुन्हा तीच कळ उठली, त्याच जागी. राहुल चहाचा कप पुढे करत होता आणि मी त्याच्या बहिणीच्या खुर्चीत तिच्यावर जळत बसले होते. मग मी विचारलं, "आणि एका ठिकाणी पंचम सुरापेक्षा उतरलाय, हे सांगितलं होतं का तिनं?"

"नाही..."

"उतरलाय."

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. पण कागद सरकल्यासारखा, खुर्ची ओढल्यासारखा आवाज आला, आणि रेवानं विचारलं, "कुठे?"