थळच्या दुकानाची झापं

"ही झापं कधी बांधली होती?" सर्व्हेअरने विचारले.

"दरसाल बांधतो तवाच. मिरगाच्या आधी," इब्राहिमचाचा म्हणाले.

सर्व्हेअर म्हणजे नुकसान पाहायला कंपनीने पाठवलेला माणूस. त्याने ते उत्तर लिहून घेतले. मी शेजारीच उभा होतो. क्लेम गेला, हे मला त्याच क्षणी कळले. चाचांना कळले नव्हते. आगीतून वाचलेले एक लाकडी पिंप ते सर्व्हेअरला बसण्यासाठी धोतराच्या सोग्याने पुसत होते.

ही गोष्ट १९३० नंतरच्या दोनचार वर्षांतली. मी अलिबागला आगीच्या विम्याचा एजंट होतो, नवा आणि हौशी. थळच्या बंदरापाशी इब्राहिमचाचांचे दुकान होते. काथ्याचे दोर, जाळ्यांचे सूत, शिडाचे कापड, होड्यांना लावायची राळ. सगळा पेटणारा माल. गिऱ्हाईक बहुतेक कोळी. चाचा दोर वावेवर मोजून देत. दोन्ही हात पसरले की एक वाव. प्रत्येक दहा वावांमागे अर्धी वाव जास्तच सोडत. कोळणी त्यांना म्हणत, "चाचा, तुमचं हात आमच्यासाठीच लांब हायत."

विमा मीच त्यांच्या गळी उतरवला. ते चैत्राचे दिवस होते. प्रपोजल, म्हणजे विम्यासाठी करायचा अर्ज, मीच भरला. भिंती? दगडी. छप्पर? कौलारू. इमारतीला गवताचे किंवा झावळ्यांचे काही जोडलेले आहे का? नाही. त्या दिवशी ते खरेच नव्हते.

आता आमच्याकडची रीत सांगतो. पश्चिमेचा पाऊस आडवा येतो. भिंती भिजू नयेत म्हणून लोक मृगाआधी नारळाच्या झावळ्या विणून त्यांची झापं घराभोवती बांधतात आणि दसऱ्याच्या सुमारास सोडतात. कौलारू घरवाल्याला विचारा, तुझे घर झावळ्यांचे आहे का? तो हसेल. झापं हा घराचा भाग आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. माझ्या आईच्या घरालाही ती होती.

पॉलिसी आली ती इंग्रजीत. चाचा म्हणाले, "दत्तू, सगळं वाचून दाखव. मागचं बारीक अक्षरातलं पण."

मी पुढची बाजू वाचली. नाव, माल, मुदत. मागच्या बाजूला एक वॉरंटी होती. विम्याच्या भाषेत वॉरंटी म्हणजे विमा घेणाऱ्याने दिलेले वचन. ते मोडले की पॉलिसी संपली, मग आग कशानेही लागो. मुदतीत इमारतीला झावळ्या जोडायच्या नाहीत, असे ते वचन होते. मी ते मनात वाचले. हे सांगितले तर म्हातारा नको म्हणेल, असे वाटले. शिवाय पावसाळ्यात आग कुठली लागायला?

"मागं नेहमीचंच आहे, चाचा," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि मला चार शहाळी बांधून दिली.

भाद्रपदात आठवडाभर उघडीप पडली. ऊन कडक. शेजारच्या आवारात भर दुपारी कोणीतरी राळ वितळवत होते. ठिणगी वाळलेल्या झापांवर गेली. दगडी भिंती आणि कौले तेवढी उरली, कौले तीही जमिनीवर. माणसे सुखरूप होती.

सर्व्हेअरचा रिपोर्ट गेला. मुंबईच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतले.

"अट समजावून सांगितली होती ना?"

मी समोरचा रिपोर्ट उलटून पाहू लागलो.

"हे पाहा," साहेब म्हणाले, "नाही म्हणालात तर कंपनी कदाचित काहीतरी देईल. पण एजन्सी तुमच्याकडे राहणार नाही. हो म्हणालात तर प्रकरण इथेच मिटले. तसे लिहिलेल्या कागदावर सही कुठे करायची ते क्लार्क दाखवील."

मी हो म्हणालो. सही केली.

नकाराचे पत्र घेऊन मीच थळला गेलो. चाचा अंगणात काथ्या उलगडत बसले होते. जवळ त्यांचा मुलगा उस्मान आणि मुलगी जुलेखा. मी पत्राचा अर्थ सांगितला. उस्मान उसळला. "आमाला कुणी सांगितला होता काय हे?"

चाचांनी त्याला हाताने थांबवले. मग माझ्याकडे वळले. "दत्तू, तू मला सांगितलं होतंस?"

"होय, चाचा."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मग मीच विसरलो असेन. साठी उलटली, बाबा. तू सांगितल्याबिगर कसा ऱ्हाशील?" आणि जुलेखाला म्हणाले, "याला भाकर दे. उन्हातनं आलाय." मी ती भाकरी खाल्ली.

दुकान पुन्हा उभे राहिले, पण घराच्या पडवीपुरते, आणि ते उस्मानने चालवले. एकदा मी तिथे होतो. चाचांनी एका कोळ्याला दोर मोजून दिला. उस्मानने तो त्यांच्या हातातून घेतला आणि गिऱ्हाइकादेखत पुन्हा मोजला. "अब्बांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय," तो म्हणाला. चाचा हसले. नंतर ते मोजायचेच थांबले. एखादी गोष्ट पक्की आठवत असली तरी आधी उस्मानला विचारत.

मी पुढे मुंबईला गेलो, बढत्या घेतल्या, मॅनेजर होऊन रिटायर झालो. चाचा कधीच गेले होते.

गेल्या वर्षी थळला गेलो. जुलेखाबी आता सत्तरीची. तिला सगळे सांगितले. मागची बाजू, साहेब, सही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"म्हंजे अब्बा विसरलं नव्हतं?"

"नाही. मी सांगितलेच नव्हते."

ती उठली. मला वाटले, आता हाकलते. तिने आतून उस्मानला हाताला धरून आणले आणि माझ्यासमोर बसवले.

"आता याला सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग. याला कमी ऐकू येतं."

मी सांगितले. त्याला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा सांगितले, ओरडून, इतके की शेजारचे दारात आले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने मान खाली घातली आणि दोन्ही तळवे उघडे करून त्यांच्याकडे पाहत राहिला. जुलेखाबी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला तिने जा म्हटले नाही आणि बस असेही म्हटले नाही.

धंद्याचा विमा घेणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे. काय मिळेल हे एजंट आपणहून सांगतो. कधी मिळणार नाही, ते त्याला विचारा. तुमचे दुकान बाराही महिने कसे असते, ते त्याच्याकडून अर्जात लिहून घ्या. आणि तो "मागं नेहमीचंच आहे" म्हणाला, तर सही करू नका.