जांभळ्या पिटुनियाचं बी

लाँड्रीच्या काउंटरवर बसून बसून तिचे डोळेच तसे झाले होते, असं तिचा नवरा म्हणायचा. गिऱ्हाइकाने शर्ट पुढे केला की ती आधी कॉलर बघायची, मग बाह्या, मग खिसे उलटे करून झटकायची आणि डाग दिसला की त्यावर बोट ठेवून सांगायची, "हा आधीपासूनचा आहे हं, नंतर आमच्या नावावर नको." काम म्हणून हे ठीकच होतं. पण घरी आल्यावरही तिचं तेच चाले. भाजीवाल्याचा काटा, शेजारणीचं गोड बोलणं, नवऱ्याचं लवकर घरी येणं, सगळं उलटंपालटं करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नवऱ्याने तिचं नावच तपासनीसबाई ठेवलं होतं.

या तपासातून एकच माणूस सुटलं होतं, वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाई. लेक तान्ही असताना ही दुकानात जाई आणि जाऊबाई त्या पोरीला अंगाखांद्यावर वागवत. हिचं ऑपरेशन झालं तेव्हाही उशाशी त्याच होत्या. सख्खी आई एवढं करणार नाही, असं ती स्वतःच चारचौघांत सांगे. आणि अशा या नात्यात चिमूटभर बियाण्याने बिब्बा घातला.

जाऊबाईंच्या गॅलरीत रोपवाटिकेतून आणलेला पिटुनिया होता. गॅलरी कसली, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास आत ओढून घ्यावा एवढी जागा. पण कठड्याला अडकवलेल्या लांबट कुंड्यांतून गर्द जांभळी फुलं अशी ओसंडत, की रस्त्याने जाणारा मान वर करून चाले आणि समोरच्याला धडके. प्रत्येक फुलाला पांढरीशुभ्र किनार. हिने बी मागितलं. जाऊबाईंनी बोंडं वाळवली, धुळीसारखं बारीक बी कागदाच्या पुडीत बांधलं आणि हसून म्हणाल्या, "घे, बघ येतंय का."

तिने तेलाचे डबे कापले, तळाला भोकं पाडली, माती चाळून भरली. रोपं वर आल्यावर ऊन सरकेल तसे डबे सरकवले. फुटवे यावेत म्हणून मनावर दगड ठेवून शेंडे खुडले. कळ्या धरल्या तेव्हा दुकानात येईल त्याला सांगून झालं. आणि फुलं उमलली तेव्हा तिचं तोंड उतरलं. एक फिकट गुलाबी, एक मळकट पांढरं, एक धड ना निळं ना जांभळं. किनारीचा तर पत्ताच नाही.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एखाद्या डब्यात चुकलं असतं तर समजलं असतं, सगळ्याच डब्यांत कसं चुकेल? मग काय, तपास सुरू. पुडीला घडी दुहेरी होती, म्हणजे ती उघडून परत बांधली असणार. "बघ येतंय का" म्हणताना त्या हसल्या कशाला? आणि नंतर सारख्या फुलांची चौकशी का करत होत्या? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

"अगं, बी ते," नवरा म्हणाला, "त्यात कोण कशाला अदलाबदल करेल?"

"तुमच्या वहिनी आहेत. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

दोन दिवसांनी जाऊबाई जिन्यात भेटल्या. "काय गं, आली का फुलं?"

"आली ना! लोकांनी तुमच्याच गॅलरीकडे बघत राहावं, अशी आली. द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, जाऊबाई."

जाऊबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. गप्प बसल्या म्हणजे कबुलीच दिली, असा हिने निकाल लावून टाकला. बोलल्या असत्या तर त्यातूनही काहीतरी काढलंच असतं म्हणा. त्या दिवसापासून अबोला. ज्या पोरीला जाऊबाईंनी वाढवलं, तिच्या लग्नातही दोघी मांडवाच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

मग ईर्ष्येने तिने रोपवाटिकेतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पिटुनिया विकत आणला. तो असा फुलला की तिला आकाश ठेंगणं झालं. त्याचं बी तिने स्वतःच्या हाताने धरलं आणि लेकीला सासरी पाठवलं. पुढच्या हंगामात लेकीचा फोन आला.

"आई, कुठलं बी दिलंस गं मला?"

"कुठलं म्हणजे? त्याच झाडाचं!"

"इथे सगळी फिकी गुलाबी आलीत. सासूबाई हसत होत्या. म्हणाल्या, चांगलं आईने स्वतःला ठेवलेलं दिसतंय."

"शपथ गं! माझ्या हाताने बोंडं तोडली मी."

"असू दे ना आई, एवढं काय त्यात," लेक म्हणाली. आवाज गोड होता, पण पोरीचा विश्वास बसलेला नव्हता.

ती तडक रोपवाटिकेत भांडायला गेली. तिथली बाई पाइप हातात घेऊन पाणी मारत होती. ती वळलीसुद्धा नाही. "विकतची ही झाडं संकरित असतात हो. बी धरलं तर भलतेच रंग निघतात. तसंच फूल हवं तर फांदी लावायची." ऐकून ही तिथेच कुंड्यांच्या रांगेत मटकन बसली. भांडायला आलेल्या बाईला अचानक काय झालं, हे त्या बिचारीला कळेना.

लाजेने ती अर्धमेली झाली. लाजेहून जास्त भीती होती, की आता जाऊबाई आपल्याला दारात उभं तरी करतील का. तरी तिने पट्ट्यांच्या पिटुनियाची फांदी लावली, ती जगल्याची खात्री करून घेतली आणि कुंडी छातीशी धरून जिना चढली. दार उघडताच संकरित बियाण्यापासून लेकीच्या सासूपर्यंत सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

जाऊबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी लबाड नाही, हे तुला रोपवाटिकेवालीने सांगितलं."

"चुकलं माझं, जाऊबाई."

"ते राहू दे. एकच सांग. समज, मी खरंच बदललं असतं बी. माझीच गॅलरी उठून दिसावी म्हणून. माणूस आहे मी, झाला असता मोह. मग आली असतीस का गं तू?"

हो म्हणणं सोपं होतं. तिने तोंड उघडलंही. पण या बाईसमोर तिला खोटं बोलवेना.

"नाही," ती म्हणाली.

जाऊबाईंनी मान हलवली आणि त्या आत निघून गेल्या. दार उघडंच राहिलं. आत ये म्हणून ठेवलंय की लावायचं राहून गेलंय, हे तिला कळेना आणि विचारायची हिंमत होईना. कुंडी हातात घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.